कोठीतला हुंकार

मंडळी, आधीच सांगून टाकते — मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. अमावास्येला मुद्दाम नखं कापणारी बाई आहे मी. शेजारच्या वहिनी दर शनिवारी दाराला लिंबू-मिरची बांधतात, तर त्या लिंबाचं सरबत करू का म्हणून मी त्यांना तोंडावर विचारते. त्यामुळे इथे मी कधी काही लिहीन असं मलाही वाटलं नव्हतं. पण गेले काही महिने तुमचे अनुभव वाचतेय — निम्मे तर सरळसरळ थापा आहेत, राग मानू नका — आणि वाटलं, आपल्याकडे एक पडून आहे तो लिहून मोकळं व्हावं. तेव्हा माझ्या जोडीला होती त्या सुलभाला फोन केला. ती म्हणाली, "लिही, पण माझं नाव बदल." बदललंय.

पंच्याऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी रत्नागिरीला कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला. आमच्या इतिहासाच्या सरांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. दुसऱ्या महायुद्धात लढून आलेले आपल्या जिल्ह्यातले शिपाई अजून गावोगाव आहेत, म्हातारे झालेत, ओटीवर बसून सुपारी कातरतायत… ते जायच्या आत त्यांच्या आठवणी टेप करून ठेवायच्या. आम्ही काही पोरं-पोरी तयार झालो. मी सायन्सची, इतिहासाशी माझं वाकडंच होतं. पण कॉलेजचा तो अवजड टेपरेकॉर्डर दुसऱ्या कुणाला धड चालवता येत नव्हता, म्हणून सरांनी मला ओढलं. माझी जोडीदारीण सुलभा. ती आर्ट्सची. प्रश्न विचारायचं काम तिचं, मशीन सांभाळायचं माझं.

आता सरांचा एक नियम सांगते, तो ध्यानात ठेवा. आपल्याकडे कुणी काही सांगायला लागलं की ऐकणारा हुंकार देतो — हं… हं… लहानपणी तर आपला हुंकार थांबला की गोष्ट थांबायची आणि "झोपलीस काय गो?" म्हणून ढोसायचे. आमच्या पहिल्या सगळ्या कॅसेटी ह्या हुंकारांनी वाया गेल्या. म्हातारा बिचारा तोफांचं सांगतोय आणि माइकला चिकटून बसलेली सुलभा आपली हं-हं-हं! सर असे भडकले… म्हणाले, "मला त्यांचा आवाज हवाय, तुमचे हुंकार नकोत. यापुढे तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. नुसती मान हलवायची." तेव्हापासून आम्ही दोघी मुक्याने ऐकायला शिकलो. कठीण असतं हो ते. करून बघा एकदा.

तर, श्रावणातला एक दिवस. आम्ही सकाळच्या राजापूर गाडीने निघालो. गावाचं नाव देत नाही, त्या घरची माणसं अजून तिथे आहेत. राजापूरच्या अलीकडे एका तिठ्यावर उतरायचं, मग उघड्या कातळावरून चांगलं तासभर चालायचं, पुढे व्हाळ म्हणजे ओढा, त्याच्यावर लाकडी साकव, आणि साकव ओलांडला की वाडी सुरू. आम्हाला जायचं होतं ते वाडीतलं सगळ्यात शेवटचं घर. चढावर, दारात फणस. छत्र्या असून दोघी नखशिखान्त भिजलो होतो. टेपरेकॉर्डर मात्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पोटाशी धरलेला, तान्ह्या पोरासारखा.

ज्यांच्या आठवणी टेप करायच्या होत्या ते नाना पासष्टीचे. ताठ, सडपातळ, पांढऱ्या मिशा. इटलीत लढून आलेले. आम्हाला बघून "या" म्हणाले आणि पडवीत बाकावर बसून राहिले. काकी — त्यांची बायको — बुटकी, चटपटीत, तोंडाने फटकळ. मला ती बघताक्षणी आवडली. "काय गो ही दशा! या, चुलीजवळ या," म्हणून तिने आम्हाला ओढतच आत नेलं. चहा उकळता उकळता तिने आधी आवाज खाली केला, मग बोलायला लागली.

"हे माजं माहेर हाय. ह्ये घरजावय. माजा भाऊ बाळू नि ह्ये, एकाच गावचे, एकाच दिवशी पलटणीत गेले. ह्ये परत आले. बाळू नाय आला. आई एकटी पडली म्हणून ह्ये हितंच ऱ्हायले, नि माज्याशी लगीन केलानी. आईला सांगितलानी, बाळूला गोळी लागली, जागच्या जागी गेला, दुखलं नाय. आई त्यावर समाधानानं गेली. पण बाय, मी नाय ठेवीत विश्वास."

"का हो काकी?" सुलभाने विचारलं.

"अगो, चाळीस वर्सं हा माणूस झोपेत माज्या भावाशी बोलतोय! गोळी लागून जागच्या जागी गेलेल्या माणसाशी कुणी इतकं बोलतं काय?"

आणि मग तिने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे नाना घराच्या आत कधी झोपत नाहीत. थंडी असो, पाऊस असो, पडवीत, जिथे दार नाही तिथेच. आणि दुसरी, शिमग्यात देवीची पालखी घरी यायच्या दिवशी सकाळीच कुठेतरी रानात निघून जातात आणि पालखी पुढे गेल्यावर उगवतात. इतक्या वर्षांत एकदाही ते पालखीसमोर उभे राहिले नव्हते. वाडीत लोक काय काय बोलायचे म्हणे त्यावरून.

"मला नाय सांगीत. तुमच्या त्या डब्याला तरी सांगतील," काकी म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते चुलीच्या धुराचं नव्हतं. "मी तेची सख्खी बहीण हाय गो. कसा गेला, एवढं तरी मला कळू द्या."

बघा, दोन भिजलेल्या कॉलेजच्या पोरी, आमच्यावर हे केवढं ओझं! पण तिला नाही कोण म्हणणार?

पडवीत रेकॉर्डिंग जमेना. वर पत्रे होते. मी टेस्ट घेतली तर टेपवर नुसता ताशा वाजत होता. माजघरातही तोच प्रकार, शिवाय कोंबड्या. राहिली भाताची कोठी. घराच्या पोटातली लहानशी खोली, खिडकी नाही, जाड मातीच्या भिंती, वर फळ्यांचा माळा. आवाजाच्या दृष्टीने एकदम स्टुडिओ! मी खूश झाले.

नाना मात्र म्हणाले, "तितं नको."

काकी दारात उभी होती. नानांनी तिच्याकडे बघितलं, तिने त्यांच्याकडे. शेवटी नाना उठले. "चला," म्हणाले. "दार तेवढं उगडं ठेवा."

कोठीच्या कोपऱ्यात भाताची भली मोठी कणग होती — बांबूची, शेणाने सारवलेली, पुरुषभर उंच. नाना तिच्या शेजारी पाटावर बसले, भिंतीला टेकून. आम्ही समोर गोणपाटावर. वर एक मिणमिणता बल्ब. मी सेल तपासले, कॅसेट घातली, रेकॉर्डचं बटण दाबलं, लाल दिवा लागला. सुलभाने नानांना नियम सांगितला — तुम्ही बोला, आम्ही बोलणार नाही, फक्त मान हलवू.

"हुंकार देणार नाय?"

"नाही नाना, टेपवर येतो ना तो."

"मंग मला कळणार कसं तुमी हायसा?"

"मान हलवू ना आम्ही."

"अंधारात मान काय दिसते?" नाना म्हणाले. अंधार नव्हता तेव्हा. बल्ब चालू होता. आम्हाला वाटलं म्हातारा थट्टा करतोय, आम्ही हसलो.

त्यांनी भरतीपासून सुरुवात केली. बोट, समुद्र, वांत्या, इजिप्तची वाळू, मग इटली. छान सांगत होते. मध्ये केव्हातरी दार हळूच लोटलं गेलं. पाऊस वाढला होता आणि आवाज आत येत होता, त्यामुळे मला बरंच वाटलं. काकीनेच लोटलं होतं ते, हे नंतर कळलं. ती दाराला कान लावून बाहेर बसली होती. नाना सांगण्यात गुंगले होते, त्यांना समजलं नाही.

"डोंगरातलं गाव व्हतं," नाना सांगत होते. "समदी दगडी घरं. मी नि बाळू एका घराच्या तळघरात शिरलो. वरनं तोफा. एक गोळा घरावर पडला नि अख्खं घर खाली बसलं. मी हिकडं, बाळू तिकडं. मधी दगडांची रास. हात पोचत नाय, दिसत नाय. नुसता आवाज येतो एकमेकांचा. तेच्या पायांवर तुळय पडलेली…"

आणि लाइट गेली. आता श्रावणात कोकणात लाइट जाणं म्हणजे काही भुताटकी नव्हे, रोजचंच आहे. पण त्या कोठीत भर दुपारी असा अंधार झाला की डोळ्यांसमोर धरलेला हात दिसेना. टेपरेकॉर्डरचा तो लाल ठिपका तेवढा. मी बोलले नाही — नियम! — आणि मला वाटलं, नाना आता थांबतील.

ते थांबले नाहीत. पण त्यांचा आवाज बदलला. आम्हाला सांगत होते तो सूर गेला.

"बाळू म्हणाला, झोप येते रे. मी म्हटलं, झोपू नको, झोपलास तर संपलास. मंग म्हणाला, सांग कायतरी, मी हुंकार देतो. म्हटलं, काय सांगू? तर म्हणाला, पालखी सांग. आमच्या घरी येस्तवर सांग."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — आमच्याकडे शिमग्यात देवीची पालखी गावच्या सहाणेवरून, म्हणजे मधल्या चौथऱ्यावरून उठते आणि एकेक घर घेत वाडीभर फिरते. पहिला मान गावकाराचा, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्याचा. प्रत्येक घरी ओटी भरायची, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवीपुढे मोठ्याने मागणं मांडायचं, मग पुढचं घर.

"उठली हां बाळू, सहाणेवरनं," नाना अंधारात म्हणाले.

"हं."

मी सुलभाला असा सणसणीत चिमटा काढला! इतक्यांदा बजावून पुन्हा हुंकार? तिने मला उलटा चिमटा काढला. म्हणजे तिला वाटलं, मी दिला.

"पयलं घर गावकाराचं. ढोल जोरात हायत."

"हं."

ह्या वेळी आम्ही दोघींनी एकमेकींचे हात धरलेलेच होते. आवाज पुरुषाचा होता. नानांचाही नव्हता, कारण त्यांचं बोलणं संपायच्या आत तो आला. डावीकडून, कणगीच्या मागून. तिथे माणूस उभा राहील एवढी जागा नव्हती… कणग भिंतीला लागून होती.

माझं डोकं तशातही चालत होतं, ह्याचा मला अभिमान आहे. मी स्वतःला सांगितलं, कॅसेट जुनी आहे, त्याच कॅसेटवर आपण दुसऱ्यांदा टेप करतोय, खालचा आधीचा आवाज झिरपतोय. रेकॉर्ड करताना कॅसेट ऐकू येत नसते हे मला पक्कं ठाऊक होतं, पण माणूस बुडताना काय काय धरतो! नाना एकेक घर घेत होते. कुणाच्या दारात रांगोळी होती, कुणाचा बैल बुजला, कुठल्या म्हातारीने देवीला काय नवस केला… आणि प्रत्येक घराला हुंकार. शांत, झोपाळू. पांघरुणात पडून ऐकावं तसा.

"आता शेजारच्या रामाच्या अंगणात आली," नाना म्हणाले. "आता तुज्याकडं वळते हां बाळू…"

"हं."

आणि नाना गप्प झाले. मग वेगळ्याच, रखरखीत आवाजात म्हणाले, "तेवढ्यात दगड हालले. हात आले. आपली माणसं. मला ओढलानी. मी वरडलो, बाळू हाय आत, हुंकार देतोय! जमादार आत वाकला, बॅटरी मारलान नि मागं आला. म्हणाला, 'ये तो कल का ठंडा है.' कालचा! मंग मी रातभर कुणाला सांगत व्हतो? वर तोफा चालूच. कोण थांबतोय? मला खांद्यावर टाकलानी. नि मागनं हुंकार आला. मी ऐकला. मी ऐकला नि तेला तितं टाकून आलो. जिता व्हता तर जित्याला टाकून आलो. मेला व्हता तर… मेलेला माणूस हुंकार का देतो? काय सांगू आईला? काय सांगू हिला?"

काय अवस्था झाली आमची, विचारू नका. सुलभा रडायला लागली होती, आवाज न करता. अजून नियम पाळत होती बिचारी.

आणि कणगीमागून पुन्हा आला. पण ह्या वेळी नुसता हुंकार नव्हता तो. प्रश्न होता. पुढे काय, असं विचारणारा. "हं?"

नानांनी श्वास घेतला. "उठली हां बाळू, सहाणेवरनं…"

पहिल्यापासून! पुन्हा गावकाराचं घर, पुन्हा ढोल, पुन्हा बुजलेला बैल, शब्दाला शब्द तोच. तेव्हा माझ्या टाळक्यात लख्ख उजेड पडला. चाळीस वर्षं झोपेत काय बोलतो हा माणूस? हेच. रोज रात्री पालखी उठवतो, शेजारच्या अंगणापर्यंत आणतो, आणि पुढे नेता येत नाही म्हणून परत सहाणेवर जातो. आणि जो ऐकतोय त्यालाही उठता येत नाही, कारण गोष्ट अर्धी आहे.

तेवढ्यात टेप संपली. खट् — बटण वर आलं आणि लाल दिवा विझला.

हुंकार थांबला नाही.

तिथे माझं विज्ञान संपलं. मी सुलभाला ओढत दाराकडे गेले आणि दार ढकललं. हलेना. पावसात ती जुनी दारं फुगतात, चौकटीत आवळून बसतात, तसं ते बसलं होतं. खांदा लावला, लाथा घातल्या. "काकी! काकी, दार उघडा!"

"ओढतेय गो," बाहेरून तिचा आवाज आला, अगदी दाराला लागून. "येत नाय. फुगलाय."

मागे नाना घरं घेत होते. आता भरभर, धापा टाकत. श्वास छातीत शिट्टीसारखा वाजत होता. मी त्यांचा खांदा धरून गदागदा हलवलं — "नाना, थांबा! थांबा हो!" — त्यांच्या लेखी मी तिथे नव्हतेच. अंग बर्फासारखं. दुसऱ्यांदा शेजारच्या अंगणात पोचले, थांबले, "हं?" झालं, आणि तिसऱ्यांदा सहाणेवरून सुरुवात झाली. मला कळून चुकलं, हा माणूस ह्या कोठीत, आमच्यासमोर, सांगता सांगता मरणार. आणि मग आम्ही तिघं आणि तो चौथा… नाही, ते मला आजही लिहवत नाही. हवा संपतेय असं वाटत होतं. भातकोठी आहे ही, तळघर नव्हे, असं मी मोठ्याने म्हणत होते, आणि ते मलाच खरं वाटत नव्हतं.

"काकी, कुणाला तरी बोलवा!"

बाहेर ती गप्प झाली होती. तिने सगळं ऐकलं होतं ना… गोळी लागून जागच्या जागी, दुखलं नाही, सगळं खोटं होतं हे तिला आत्ता कळलं होतं. आत तिचा नवरा मरायला टेकला होता, आणि आतच तिचा भाऊ हुंकार देत होता. काय चाललं असेल त्या बाईच्या मनात!

नाना तिसऱ्यांदा शेजारच्या अंगणात आले. "आता तुज्याकडं वळते हां बाळू…" आणि थांबले.

"हं?"

"वळली रे बाळू," दाराबाहेरून काकी म्हणाली.

तिचा आवाज असा झाला होता, मंडळी… साठीला टेकलेली बाई, पण तो मुलीचा आवाज होता. धाकट्या बहिणीचा.

"वळली. फणसाखाली आली. भोई दमलेत, आपला चढ हाय ना. आई घागर घेऊन उभी हाय, तेंच्या पायावर पाणी घालायला."

"हं."

"तुजी नवी टोपी खुंटीला हाय, मी हात नाय लावला. ओटीचे तांदूळ सुपात घेतलेत. नारळ सोललाय. आता पायरीशी आली."

"हं. हं." घाईघाईने येत होता आता, पोरं अधीर होऊन देतात तसा.

"उंबऱ्यात आली… घेतली रे घरात. पाटावर बसली बघ. आली हां बाळू, आपल्याकडं आली."

नाना हुंदके देत होते. इतका वेळ जो माणूस तिथे नव्हता, तो आता आमच्याबरोबर होता. आणि बाहेर काकीने गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं नेहमी पुरुष घालतात, घरचा कर्ता नाहीतर गावकार. बाईने घातलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही.

"गो आये म्हाराजा… तुजं लेकरू परमुलखात दगडाखाली अडकून ऱ्हायलंय, तुजी वाट बघत. आज तू तेच्या दारात आलीस. तेला मोकळा कर…"

गाऱ्हाण्याला हजर असेल त्या प्रत्येकाने उत्तर द्यायचं असतं. कोकणातल्या पोराला हे शिकवावं लागत नाही. माझ्या तोंडून आपसूक निघालं — "व्हय म्हाराजा!" सरांचा नियम गेला खड्ड्यात.

"…नि तेच्यापायी जो हितं अडकून पडलाय, तेलाबी मोकळा कर. कुणाचा काय गुन्हा झाला असंल तो पोटात घाल म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!"

मी म्हटलं. सुलभाने म्हटलं. नानांनी म्हटलं, रडत रडत. आणि डावीकडे, कणगीपाशी, आणखी एकाने म्हटलं. स्वच्छ, खणखणीत, तरण्या पोराचा आवाज. झोप उडालेला.

त्यानंतर काही नाही. पाऊस, आणि नानांचा श्वास. काकीने दार ओढलं आणि ते उघडलं. नेहमी उघडतं तसं, सहज. उजेड आत आला. कणगीमागे मी लगेच जाऊन बघितलं. भिंत आणि कणग ह्यांच्यात माझा पंजाही शिरत नव्हता.

काकी आत आली, नानांसमोर उकिडवी बसली आणि पदराने त्यांचं तोंड पुसायला लागली. नाना म्हणाले, "मी तेला तितं टाकून आलो गो."

"कुटं टाकलात?" काकी म्हणाली. "घेऊन आलात की घरी. चाळीस वर्सं लागली, एवढंच."

आम्ही दोघी बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि पोटभर रडलो. काकीने मागून येऊन पुन्हा चहा दिला, आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून घाईसुद्धा केली.

टेप सरांनी दुसऱ्या दिवशी ऐकली. मला स्टाफरूममध्ये बोलावून घेतलं, चांगलेच वैतागले होते. "इतकं चांगलं रेकॉर्डिंग, आणि पुन्हा हुंकार! आणि हा कोवळ्या आवाजाचा कुठला मुलगा नेला होतात बरोबर?" मी म्हटलं, सर, आम्ही दोघीच होतो. त्यांनी परत लावली. दोघांनी ऐकली. मग त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ही आपण जमा नको करूया." सरांनी नंतर तो विषय कधीच काढला नाही. ती कॅसेट माझ्याकडे होती, पुढे इथल्या दमट हवेत तिला बुरशी धरली. आता तिच्यावर ऐकण्यासारखं काही उरलेलं नाही.

मी पुष्कळ डोकं चालवलंय ह्यावर. पोकळ कणगीत घुमणारा आवाज? मग शेवटचं उत्तर कसं घुमलं? म्हातारा दोन आवाजांत बोलत होता? एकाच वेळी? आम्हा दोघींना भास झाला? मग सरांना कसा झाला? सुलभा तर म्हणते, तू विचार करणं सोड. ती तेव्हाच सोडून मोकळी झाली.

पुढच्या शिमग्यात काकीचं बोलावणं आलं. आम्ही दोघी गेलो. पालखी फणसाखालून वर आली तेव्हा नाना दारात उभे होते, धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. गाऱ्हाणं त्यांनीच घातलं. मध्ये एकदा अडखळले, पण पुरं केलं. वाडीतले लोक डोळे फाडून बघत होते.

संध्याकाळी चुलीपाशी मी काकीला हळूच विचारलं, "नाना अजून बोलतात का हो झोपेत?"

"कसले बोलतात!" काकी म्हणाली. "आत झोपायला लागलेत, कोठीच्या दाराशी. आणि घोरतात गो नुसते. मला मेलीला झोप नाय." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

तो हुंकार कुणाचा होता, कसा आला, मला खरंच माहीत नाही. तुमच्यापैकी कुणी भौतिकशास्त्रवाला असेल तर सांगा, मी ऐकायला तयार आहे. नानांचं घोरणं मात्र खरं होतं. त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो, आणि मी स्वतः ऐकलं.